स्कॉटलंडांतील फुटबॉल आणि त्याचा प्रेक्षक

खेळाचा इतिहास हा खरा इतिहासच नव्हे, असें मानणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. लढाया, तह आणि राज्यारोहणें यांच्या सनावळ्या पाठ झाल्या कीं इतिहास आला, अशी या वर्गाची समजूत असते. आणि शाळेंत पुष्कळ वर्षें मींहि मुलांकडून तोच इतिहास घोकून घेतला, हें कबूल केलें पाहिजे. परंतु एखादा समाज शनिवारीं दुपारीं कामावरून सुटल्यावर कोठें जातो, कोणाबरोबर जातो आणि कशासाठीं ओरडून घसा बसवून घेतो, हें पाहिलें असतां त्या समाजाचें जें अंतरंग दिसतें, तें तहनाम्यांच्या कलमांतून क्वचितच दिसतें. म्हणून आज मी श्रोत्यांना स्कॉटलंडांतील फुटबॉलची हकीकत सांगणार आहें.

ही हकीकत केवळ खेळाडूंची नाहीं. मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकाची ती अधिक आहे. स्कॉटलंडांतील जुन्या प्रेक्षकाची आजच्या खेळाविरुद्ध एक फिर्याद आहे. तो म्हणतो, खेळ आमचा होता, तो पैशाचा झाला. पूर्वी अनेक गांवांचे संघ जिंकत, आतां दोनच क्लब आलटून पालटून जिंकतात. पूर्वी आम्ही खांद्याला खांदा लावून उभे राहत होतों, आतां आम्हांला खुर्च्यांत बसविलें आहे. आणि सामना किती वाजतां सुरू व्हावा हें टेलिव्हिजनवाले ठरवितात. ही फिर्याद खरी किती, आणि गतकाळाच्या मोहानें फुगलेली किती, याचा निवाडा इतिहासाची साक्ष काढूनच करावयास हवा.

प्रथम या खेळावर स्कॉटलंडचा हक्क कोणता, तें पाहूं. ३० नोव्हेंबर १८७२ रोजीं, म्हणजे संत अँड्र्यू या स्कॉटलंडच्या रक्षक संताच्या सणाच्या दिवशीं, ग्लासगोजवळच्या पार्टिक येथें एका क्रिकेट क्लबाच्या मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचा सामना झाला. जगांतील पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना तो हाच. सुमारें चार हजार लोक तो पाहण्यास जमले होते. स्कॉटलंडचे अकराहि खेळाडू ग्लासगोच्या क्वीन्स पार्क या एकाच क्लबाचे होते. गोल कोणाचाच झाला नाहीं. परंतु त्या दिवशीं दोन निराळ्या पद्धती एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. इंग्लंडची पद्धत अशी कीं, एकानें चेंडू पायाशीं घेऊन जमतील तितक्या प्रतिपक्ष्यांना चुकवीत धांवत सुटावें, आणि इतरांनीं त्याच्या पायांतून चेंडू निसटलाच तर उचलावा म्हणून मागोमाग धांवावें. स्कॉटिश खेळाडू अंगानें हलके होते. धक्काबुक्कींत आपला निभाव लागणार नाहीं हें ओळखून त्यांनीं चेंडू सोबत्याकडे द्यावयाचा, आपण मोकळ्या जागीं जावयाचें आणि तो पुन्हां घ्यावयाचा, असा संयुक्त खेळ वाढविला. आज ज्याला लहान मूलहि 'पास' म्हणतें, तो या खेळाचा प्राण झाला, यांत क्वीन्स पार्कचा वाटा फार मोठा आहे.

या युक्तीचें फळ लवकरच दिसलें. १८७२ पासून १८८७ पर्यंत या दोन देशांमध्यें सोळा सामने झाले. त्यांपैकीं दहा स्कॉटलंडनें जिंकले, चार बरोबरींत सुटले आणि इंग्लंडच्या वांट्याला अवघे दोन आले. १२ मार्च १८८१ रोजीं लंडनमधील ओव्हलच्या मैदानावर स्कॉटलंडनें इंग्लंडला ६-१ असें हरविलें, त्या संघाचा कर्णधार अँड्र्यू वॉटसन हा ब्रिटिश गियानांत जन्मलेला कृष्णवर्णी खेळाडू होता. संयुक्त खेळांत रंगापेक्षां चेंडू वेळेवर देणाऱ्या पायाची किंमत अधिक, हें त्या संघानें इतक्या लवकर दाखवून दिलें होतें.

पुढें ही विद्या स्कॉटलंडच्या सीमेंत राहिली नाहीं. इंग्लंडच्या क्लबांनीं स्कॉटिश खेळाडू इतके नेले कीं, तिकडे त्यांना 'स्कॉच प्रोफेसर' असें नांव पडलें. इंग्लंडमधील लीग १८८८ सालीं ज्याच्या पुढाकारानें स्थापन झाली, तो विल्यम मॅकग्रेगर बर्मिंगहॅममध्यें कापडाचें दुकान चालविणारा स्कॉटिश मनुष्य होता. ग्लासगोंत जन्मलेला अलेक्झांडर वॉटसन हटन हा शिक्षक १८८२ सालीं अर्जेंटिनांत गेला. ब्वेनोस आयरेस येथें त्यानें शाळा काढली, मुलांना फुटबॉल शिकविला, आणि १८९३ सालीं तेथील लीगची स्थापना केली. ज्या देशानें पुढें जगज्जेतेपद मिळविलें, त्याला हा खेळ एका शाळामास्तरानें लावून दिला, हें सांगतांना माझ्याकडून थोडा पक्षपात होत असल्यास श्रोते क्षमा करतील.

आपल्या देशांतहि हा खेळ रुजविण्यांत स्कॉटिश पलटणींचा हात होता. सिमल्यास १८८८ सालीं ड्युरँड चषकाची पहिली स्पर्धा झाली, तिच्या अंतिम सामन्यांतील दोन्ही संघ स्कॉटिश पलटणींचे होते. मुंबईंत १८९१ सालीं रोव्हर्स चषक सुरू झाला तोहि गोऱ्या सैनिकांच्या हौसेनें. कूपरेजवर या स्पर्धेचे सामने पाहिलेले श्रोते आजहि असतील. आणि १९३६ सालीं उलट दिशेनें एक पाऊल पडलें. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा महंमद सलीम हा खेळाडू ग्लासगोच्या सेल्टिक क्लबाच्या दुसऱ्या फळींतील संघाकडून, बूट न घालतां, पायांना नुसत्या पट्ट्या बांधून खेळला. त्याच्या खेळाची तेथील वृत्तपत्रांनीं वाहवा केली. पण घरची ओढ अनावर होऊन तो लवकरच परतला.

खेळाच्या जन्माची कथा येथवर झाली. आतां प्रेक्षकाकडे वळूं. स्कॉटलंडांतील बहुतेक जुने क्लब कोणा धनिकाच्या लहरीनें निघालेले नाहींत. क्लाइड नदीच्या कांठचे जहाजें बांधण्याचे कारखाने, लॅनार्कशायरच्या कोळशाच्या खाणी, डंडी शहरांतील तागाच्या गिरण्या यांतून आठवडाभर राबणाऱ्या मजुरांना शनिवारची अर्धी सुटी मिळूं लागली, आणि त्या अर्ध्या दिवसाला फुटबॉलनें अर्थ आणला. क्लब काढावयास चर्च, गल्ली, पलटण असें कोणतेंहि निमित्त पुरत असे. ग्लासगोचा थर्ड लॅनार्क हा क्लब १८७२ सालीं स्वयंसेवक सैनिकांच्या एका पथकांतून निघाला. त्याच शहराच्या पूर्व भागांत आयर्लंडमधून पोटासाठीं आलेल्या कॅथलिक लोकांची दाट वस्ती होती. तेथील गरीब मुलांच्या मुखीं दोन घांस पडावे, एवढ्या हेतूनें ब्रदर वॉलफ्रिड या धर्मबंधूनें १८८७ सालीं सेल्टिक क्लब स्थापन केला. क्लब हें अशा रीतीनें वस्तीचें दुसरें घर झालें.

हें नातें किती खोल होतें, याचें एक उदाहरण एडिंबरोच्या हार्ट्स क्लबाचें आहे. १९१४ च्या नोव्हेंबरांत हा संघ लीगमध्यें आघाडीवर होता. त्या वेळीं महायुद्धासाठीं त्याचे अकरा खेळाडू एकदम सैन्यांत दाखल झाले, आणि त्यांच्या पाठोपाठ शेंकडों प्रेक्षकांनींहि त्याच पलटणींत नांवें घातलीं. ज्यांच्यासाठीं शनिवारीं टाळ्या वाजविल्या, त्यांच्याच शेजारीं ते फ्रान्सच्या खंदकांत उभे राहिले. क्लबाचे सात खेळाडू त्या युद्धांत कामास आले. प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यामध्यें तिकिटापलीकडे कांहीं असतें हें ज्यांना पटत नाहीं, त्यांनीं एडिंबरोंतील हेमार्केटचें स्मारक पाहावें.

आतां फिर्यादींतील पहिलें कलम घेऊं : खेळ पैशाचा झाला. झाला खरा, परंतु कधीं? इंग्लंडमध्यें खेळाडूंना उघड वेतन देण्यास १८८५ सालीं मान्यता मिळाली, आणि तेव्हांपासून स्कॉटलंडचे उत्तम खेळाडू दक्षिणेची वाट धरूं लागले. स्कॉटलंडांत हा पैसा आधीं लपूनछपून दिला जाई. १८९३ सालीं तेथेंहि धंदेवाईक खेळ कायदेशीर झाला. गरीब मुलांच्या अन्नासाठीं निघालेला सेल्टिक क्लब अवघ्या दहा वर्षांत, १८९७ सालीं, भागधारकांची कंपनी बनला. म्हणजे ज्याला आजचा प्रेक्षक 'पूर्वीचा निर्मळ खेळ' म्हणतो, तो त्याच्या आजोबांनाहि बहुधा पाहावयास मिळाला नव्हता. क्वीन्स पार्क मात्र 'खेळासाठीं खेळ' हें आपलें ब्रीद उराशीं धरून शतकाहून अधिक काळ हौशी राहिला. त्यानेंहि २०१९ सालीं तें बिरुद मतदानानें उतरवून ठेविलें.

शिवाय वेतन देणें हें पाप होतें असेंहि मला वाटत नाहीं. ज्याच्या घरीं खाण्यापिण्याची ददात नाहीं त्यानें हौशी राहावें. पण पहांटे खाणींत उतरणाऱ्या पोरानें आपली मजुरी बुडवून खेळावें, हा उपदेश सुखवस्तु माणसाच्याच तोंडीं शोभतो. वेतनाची सोय झाली म्हणूनच खाणींतील बुद्धि मैदानावर आली. मँचेस्टर युनायटेडला नांवारूपास आणणारा मॅट बझ्बी, लिव्हरपूलला उभें करणारा बिल शँक्ली आणि सेल्टिकचा जॉक स्टीन हे तिघेहि एके काळीं खाणींत काम केलेले. शँक्लीचें ग्लेनबक हें खेडें तर इतकें लहान कीं नकाशावर शोधावें लागे. पण त्यानें सुमारें पन्नास धंदेवाईक खेळाडू दिले. पुढें खाणी बंद पडल्या, आणि तें खेडेंच उठून गेलें.

दुसरें कलम गर्दीचें. १७ एप्रिल १९३७ रोजीं ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर स्कॉटलंड-इंग्लंड सामन्यास सुमारें दीड लाख लोक जमले; आणि एकाच आठवड्यानें स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यास तेथेंच जवळजवळ तितकेच लोक पुन्हां आले. १९७० सालीं सेल्टिक आणि लीड्स यांचा सामना त्याच मैदानावर १,३६,५०५ लोकांनीं पाहिला. आज तेथें सुमारें बावन्न हजार खुर्च्या आहेत. जुना प्रेक्षक हे आंकडे सांगतांना सुस्कारा टाकतो. त्या उभ्या गर्दीचा एक श्वास, एक आरोळी असे, हें तो सांगतो तें खरेंच असलें पाहिजे.

परंतु दुसरे आंकडेहि तितक्याच स्पष्टपणें सांगितले पाहिजेत. ५ एप्रिल १९०२ रोजीं ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर लांकडी ओट्यांचा एक भाग कोसळून २५ माणसें मेलीं. त्याच मैदानावर २ जानेवारी १९७१ रोजीं, सामना संपून लोक बाहेर पडत असतां, एका जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ जण गुदमरून मेले. त्यांत कितीतरी कोंवळीं मुलें होतीं. १९८९ सालीं इंग्लंडमध्यें शेफील्ड येथील अपघाताच्या जखमांनीं एकंदर ९७ माणसें दगावलीं, आणि तेव्हां कोठें मोठ्या मैदानांवर प्रत्येकास खुर्ची असावी असा दंडक आला. ज्या बापाचा मुलगा शनिवारीं खेळ पाहावयास गेला तो परत आला नाहीं, त्याच्यापुढें उभ्या गर्दीच्या आनंदाचें वर्णन करण्याचा धीर मला होणार नाहीं. खुर्ची ही प्रेक्षकावर झालेली सक्ति नव्हे. ती फार उशिरां भरलेली किंमत आहे. आणि इच्छा असली तर मधला मार्गहि निघतो. सेल्टिकनें २०१६ सालीं आपल्या मैदानाच्या एका भागांत कठडे बसवून सुरक्षित रीतीनें उभें राहण्याची सोय केली.

येथें प्रेक्षकाच्या स्वतःच्या पदरांतील दोषहि झांकून ठेवूं नये. सेल्टिक आणि रेंजर्स या ग्लासगोच्या दोन क्लबांचें वैर केवळ खेळाचें राहिलें नाहीं. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांचा जुना द्वेष त्यांत मुरला. १० मे १९८० रोजीं चषकाच्या अंतिम सामन्यानंतर दोन्हींकडचे लोक मैदानांत उतरून एकमेकांवर तुटून पडले, आणि त्यानंतर मैदानावर मद्य नेण्यास कायद्यानें बंदी झाली. रेंजर्ससारख्या मोठ्या क्लबानें नामांकित कॅथलिक खेळाडू उघडपणें घ्यावयास १९८९ साल उजाडावें लागलें. जो खेळ सोबत्याला चेंडू देण्यावर उभा राहिला, त्याच्या कडेला उभे राहून शेजाऱ्याचा द्वेष करावा, यासारखी विसंगति दुसरी नाहीं.

तिसरें कलम मात्र मला पूर्णपणें मान्य करावें लागतें. १९४८ ते १९६५ या अठरा हंगामांत स्कॉटलंडची लीग सात निरनिराळ्या क्लबांनीं जिंकली. त्यांत डंडी आणि किलमारनॉक यांसारख्या गांवांचेहि क्लब होते. २५ मे १९६७ रोजीं लिस्बन येथें सेल्टिकनें मिलानच्या इंटर क्लबाला २-१ असें हरवून युरोपचा चषक जिंकला. तो जिंकणारा हा पहिला ब्रिटिश क्लब; आणि त्याचे सर्व खेळाडू सेल्टिकच्या मैदानापासून तीस मैलांच्या आंत जन्मलेले होते. १९८३ सालीं अ‍ॅलेक्स फर्ग्युसनच्या हाताखालीं अ‍ॅबर्डीननें रिअल माद्रिदला हरवून युरोपांतील दुसरा एक मोठा चषक मिळविला, आणि त्याच वर्षीं स्कॉटलंडची लीग डंडी युनायटेडनें जिंकली. पण १९८५ सालीं अ‍ॅबर्डीननें लीग जिंकली ती शेवटची. त्यानंतर १९८५-८६ पासून २०२४-२५ पर्यंतचे चाळीसहि हंगाम सेल्टिक किंवा रेंजर्स यांनींच जिंकले. एक पिढी जन्मली, शिकली, संसाराला लागली. आणि तिनें तिसऱ्या कोणाचें नांव त्या चषकावर कोरलेलें पाहिलें नाहीं.

असें कां झालें? याचें कारण कोणा एकाचें कपट नव्हे. नियमांचा बदल हें आहे. पूर्वी सामन्याच्या उत्पन्नांतून पाहुण्या संघालाहि वांटा मिळे. १९८० नंतरच्या वर्षांत ती चाल बंद होऊन यजमानानें सारें ठेवावें असें ठरलें. आणि ज्याचें मैदान मोठें त्याची तिजोरीहि मोठी झाली. १९९२ पासून युरोपच्या स्पर्धा आणि इंग्लंडची लीग यांत टेलिव्हिजनचा पैसा पुरासारखा आला. १९९५ सालीं युरोपच्या न्यायालयानें बोस्मन खटल्यांत निकाल दिला कीं, करार संपलेल्या खेळाडूस मूल्य न देतां दुसरीकडे जातां यावें. खेळाडूच्या दृष्टीनें हा न्यायच झाला. पण मुलें घडवून विकण्यावर जगणाऱ्या लहान क्लबांचा आधार त्यामुळें गेला. बळी तो कान पिळी, हा न्याय मग आपोआपच लागू झाला.

परंतु या काळोखांतच मला एक विलक्षण गोष्ट दिसते, आणि तीच सांगण्यासाठीं मी हा सारा खटाटोप मांडला आहे. स्कॉटलंडची वस्ती सुमारें पंचावन्न लाख, म्हणजे आपल्या मुंबईच्या निम्म्याहूनहि कमी. इतक्या लहान देशाच्या लीगला टेलिव्हिजनवाले इंग्लंडच्या मानानें अगदीं थोडा पैसा देतात. म्हणून तेथील क्लबांची मदार अजून बरीचशी दाराशीं तिकिट काढून येणाऱ्या माणसावर आहे. पैशाच्या दृष्टीनें हें दुबळेपण खरें. पण याच दुबळेपणानें प्रेक्षकाच्या हातीं सत्ता राखून ठेविली.

तिची परीक्षा २०१२ सालीं झाली. अनेक वर्षें ऐपतीबाहेर खर्च करून आणि कराची थकबाकी वाढवून रेंजर्स क्लब चालविणारी कंपनी बुडाली. तिची मालमत्ता नव्या कंपनीनें घेतली, आणि या नव्या कंपनीला वरच्या लीगमध्यें पूर्ववत् जागा द्यावी कीं नाहीं असा प्रश्न उभा राहिला. व्यवहारी लोकांचें म्हणणें होतें कीं, रेंजर्सवांचून टेलिव्हिजनचा करार मोडेल आणि बाकीचे क्लबहि भिकेला लागतील. उलट, गांवोगांवच्या प्रेक्षकांनीं आपापल्या क्लबांना बजावलें कीं, नियम मोठ्यांना एक आणि लहानांना एक असेल, तर पुढच्या हंगामाचें तिकिट आम्ही काढणार नाहीं. ४ जुलै २०१२ रोजीं मतदान झालें. दहा क्लब विरुद्ध पडले, एक तटस्थ राहिला, आणि बाजूनें मत पडलें तें फक्त रेंजर्सचेंच. खालच्या लीगच्या तीस क्लबांपैकीं पंचवीस क्लबांनीं रेंजर्सला अगदीं तळाच्या, चौथ्या पायरीवरून सुरुवात करावयास लाविली. क्लब बुडाले नाहींत. आणि येथें रेंजर्सच्या प्रेक्षकांचीहि वाखाणणी केली पाहिजे. तळच्या श्रेणींत, ईस्ट स्टर्लिंगशायर या चिमुकल्या क्लबाविरुद्धच्या घरच्या पहिल्या सामन्यास ४९,११८ लोक जमले होते. मालकांनीं क्लब बुडविला. माणसांनीं तो सोडला नाहीं.

दुसरा दाखला पुन्हां हार्ट्सचा. २०१३ सालीं हा क्लब कर्जांत बुडून मोडकळीस आला. तेव्हां हजारों सामान्य प्रेक्षकांनीं दरमहा आपल्या मिळकतींतून ठराविक रक्कम द्यावयास सुरुवात केली. अ‍ॅन बज या उद्योजक बाईंनीं मधल्या काळांत क्लब हातीं घेऊन सांभाळला, आणि २०२१ सालीं बहुसंख्य भाग प्रेक्षकांच्या संस्थेच्या स्वाधीन केले. पुढें २०२५ सालीं क्लबानें बाहेरच्या एका धनिकाचे पैसे घेतले, पण त्याला दिलेल्या भागांना मताचा अधिकार ठेविला नाहीं. पैसा घरांत येऊं द्यावा, परंतु किल्ल्या त्याच्या हातीं देऊं नयेत, हें शहाणपण त्यांना कर्जानेंच शिकविलें असावें. मदरवेल आणि सेंट मिरेन येथेंहि क्लब प्रेक्षकांच्या हातीं आले. आपल्याकडे म्हण आहे, गांव करी तें राव न करी. तिचा अर्थ मला एडिंबरोच्या या हकीकतींत जितका स्पष्ट दिसला, तितका क्वचितच दुसरीकडे दिसला असेल.

तेव्हां फिर्यादीचा निकाल मी असा देईन. पूर्वीचा खेळ निर्मळ होता, हें म्हणणें टिकत नाहीं. उभ्या गर्दीचे दिवस परत यावेत, हेंहि जसेंच्या तसें मान्य करतां येत नाहीं. परंतु 'क्लब आमचा आहे' हें प्रेक्षकाचें मूळ म्हणणें सर्वस्वी खरें आहे. जो केवळ गिऱ्हाईक असतो, तो माल वाईट निघाला कीं दुकान बदलतो. प्रेक्षक तसें करीत नाहीं. संघ हरला तरी तो येतो, चौथ्या पायरीवर घसरला तरी येतो. आणि मुलाचें बोट धरून येतो. जो संकटांत सोडून जात नाहीं त्याला मालकी नाहीं, आणि जो नफा संपतांच निघून जातो त्याला ती आहे, अशी व्यवस्था कायद्यांत बसली तरी न्यायांत बसत नाहीं.

या निकालाचा एक भाग आपल्याकडेहि येतो. आज आपल्या घरांतील मुलें रात्रीं जागून इंग्लंड-स्पेनचे सामने टेलिव्हिजनवर पाहतात. त्यांत वावगें कांहींच नाहीं. पण आपण दूर बसून पाहणारे कोट्यवधि लोक ज्या लीगला पैसा पुरवितों, त्याच पैशानें ग्लासगो-डंडीचे खेळाडू ओढले जातात, आणि आपल्या सोयीसाठीं तिकडच्या कोणा म्हाताऱ्या प्रेक्षकाचा शनिवार रविवारावर ढकलला जातो, एवढें ध्यानांत ठेविलेलें बरें.

ग्लासगोंत कॅथकिन पार्क म्हणून एक सार्वजनिक बाग आहे. थर्ड लॅनार्कचें मैदान तें हेंच. १९०४ सालीं लीग जिंकलेला हा क्लब गैरकारभारानें १९६७ सालीं बुडाला. ज्या वर्षीं सेल्टिकनें युरोप जिंकलें, त्याच वर्षीं. प्रेक्षकांचे जुने ओटे तेथें अजून आहेत, कठडेहि आहेत. मात्र माणसांच्या जागीं झाडें उभीं राहिलीं आहेत. उलट बाजूस, १८ नोव्हेंबर २०२५ रोजीं त्या बागेपासून थोड्याच अंतरावरील हॅम्पडेनवर स्कॉटलंडनें डेन्मार्कला ४-२ असें हरविलें, आणि १९९८ नंतर प्रथमच जगज्जेतेपदाच्या स्पर्धेंत पुरुषांच्या संघाला प्रवेश मिळविला. अठ्ठावीस वर्षें वाट पाहणारे लोक त्या रात्रीं खुर्च्यांवर बसले नव्हते. सारे उठून उभे राहिले होते.

एका मैदानावर झाडें उभीं आहेत आणि दुसऱ्यावर माणसें. क्लब कोणाच्या हातीं ठेवावयाचा, या प्रश्नाचें उत्तर ज्याला हवें असेल, त्यानें या दोन मैदानांमधलें अंतर एकदां पायीं चालून पाहावें.